‘टेंप’ लिव्हरच्या मागे : जुन्या गाड्यांमधल्या हीटर-एसीची पार्श्वभूमी

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा ‘टेंप’ (टेंपरेचर, म्हणजे तापमान) लिहिलेला लिव्हर निळ्याकडून लालकडे सरकवला की आत नेमकं काय हलतं? या प्रश्नाला एक उत्तर नाही. एखाद्या गाडीत गरम पाण्याचा व्हॉल्व्ह हलतो, दुसरीत हवेच्या वाटेतली झडप फिरते, डॅशखाली नंतर टांगलेल्या एसीत कंप्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच तोडणाऱ्या थर्मोस्टॅटची मर्यादा बदलते, आणि ‘ऑटोमॅटिक’ एसी म्हणवणाऱ्या गाडीत बराच वेळ काहीच हलल्यासारखं वाटत नाही. शब्द मात्र सगळीकडे तोच. ‘एसी लागत नाही’ म्हटल्यावर आधी गॅस तपासला जातो आणि निसटलेली केबल सगळ्यात शेवटी सापडते, ती याच गुंत्यामुळे.

अगदी जुना काळ थोडक्यात आटोपता येतो. सुरुवातीचे हीटर एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालत. फोर्डच्या मॉडेल ए साठी मिळणारा हीटर म्हणजे इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डवरचं एक आवरण आणि इंजिन व केबिनमधल्या भिंतीतली (फायरवॉल) एक झाकणी. पुढे इंजिनातलं गरम पाणी छोट्या रेडिएटरमधून फिरवणारे डबे डॅशखाली आले. त्यांना पंख्याचं बटण असे, पण पाणी चालू-बंद करायचा नळ अनेकदा इंजिनवरच असायचा. मॉरिस मायनरमध्ये हा नळ बॉनेट उघडून हातानेच फिरवावा लागे: थंडी सुरू झाली की उघडायचा, संपली की बंद करायचा. आजही अशी गाडी घेणारा माणूस भर उन्हाळ्यात पायाशी येणारी ऊब पाहून हैराण होतो आणि डॅशवर शोधत बसतो. ज्या नळाने ती थांबेल तो डॅशवर नसतोच.

एअर-कूल्ड गाड्यांची गोष्ट निराळी. फोक्सवॅगन बीटलमध्ये पाणीच नाही, त्यामुळे हवा एक्झॉस्टभोवतीच्या हीट एक्स्चेंजरवरून येते आणि आधी गोल नॉब व नंतर हँडब्रेकशेजारचे लिव्हर लांबलचक केबलींनी मागच्या झडपा उघडतात. तिथे तापमान ठरवतो तो अ‍ॅक्सिलरेटर. लिव्हर ठरवतो फक्त वाट.

१९३८ च्या मॉडेलसाठी नॅश गाड्यांत बाहेरची हवा आत ओढून, गाळून, तापवून केबिनमध्ये सोडणारी व्यवस्था आली. त्याआधीचे डबे केबिनमधलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत, त्यामुळे काचा धुरकटत. पुढच्या वर्षी तिला थर्मोस्टॅट जोडला गेला आणि ‘वेदर आय’ हे नाव मिळालं. गंमत अशी की तिची जाहिरात ‘कंडिशन्ड एअर’ म्हणून झाली आणि तिच्यात थंडावा तसूभरही नव्हता. आपल्याकडचा ‘वातानुकूलन’ हा शब्दही पाहा: वात अनुकूल करणे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात थंड कुठेच नाही. तरी वातानुकूलित म्हटलं की आपल्याला गारवाच आठवतो. जुनी कागदपत्रं वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं, कारण युद्धपूर्व गाडीच्या माहितीपत्रकात एअर कंडिशनिंग दिसलं म्हणजे कंप्रेसर होता असं नाही.

खरा कंप्रेसर १९४० च्या मॉडेलच्या पॅकार्डमध्ये आला. कूलिंग कॉइल डिकीत, हवा मागच्या सीटच्या वरून, आणि कंप्रेसरला क्लच नाही. इंजिन चालू तोवर कंप्रेसरही चालू. एसी खरोखर बंद करायचा तर इंजिन थांबवून बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढायचा! १९५३ मध्ये अमेरिकेतल्या अनेक महागड्या गाड्यांत पुन्हा एसी मिळू लागला, तोही बहुधा डिकीतूनच. मागच्या काचेशेजारून छताकडे जाणाऱ्या पारदर्शक नळ्या ही त्यांतल्या अनेक गाड्यांची ओळख. त्या वर्षीच्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये एसीला एकच स्विच होता, तीन वेगांचा. हीटर पुढे, एसी मागे, दोघांची बटणं वेगळी आणि एकाला दुसऱ्याची खबर नाही.

या वेगळेपणात एक प्रामाणिकपणा होता, असं मला वाटतं. हीटरचा लिव्हर हीटरचा होता, एसीचा स्विच एसीचा. १९५४ मध्ये नॅशने दोन्ही यंत्रं गाडीच्या पुढच्या भागात आणून एकाच नियंत्रणाखाली बसवली, कंप्रेसरला विद्युतचुंबकी क्लच दिला, आणि पुढच्या सगळ्या गाड्यांचा नकाशा तिथे ठरला. सोय झाली यात वाद नाही. पण एका लिव्हरने दोन यंत्रं चालवायची म्हणजे त्या लिव्हरला काय जोडायचं, हा प्रश्नही तिथेच जन्मला. पुढची वीस-पंचवीस वर्षं प्रत्येक कारखान्याने त्याचं आपापलं उत्तर दिलं.

पहिलं उत्तर पाण्याचं. लिव्हर हीटर कोअरकडे (हवा तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरकडे) जाणाऱ्या पाण्याच्या व्हॉल्व्हला केबलने जोडायचा. कमी पाणी, कमी ऊब. स्वस्त आणि सोपं, म्हणून युरोपात खूप काळ टिकलं. खोट अशी की पाण्याचं प्रमाण आणि उष्णता सरळ रेषेत वाढत नाहीत. व्हॉल्व्ह थोडासा उघडला तरी बरीचशी ऊब येऊन जाते, मग उरलेला अख्खा प्रवास लिव्हर नुसता सरकत राहतो. ‘माझा हीटर एक तर बंद असतो नाही तर भट्टी’ ही तक्रार बिघाडाची असेलच असं नाही, अनेकदा ती रचनेचीच असते. यावर उतारा म्हणून केशनळीचे व्हॉल्व्ह आले: हीटरमधून निघणाऱ्या हवेत एक बारीक नळी, तिच्यातल्या द्रवाच्या प्रसरणाने व्हॉल्व्ह आपोआप मिटतो, आणि लिव्हर फक्त तो कोणत्या तापमानाला मिटावा हे ठरवतो. अशा गाडीत ती नळी वाकून तुटलेली असेल तर केबल कितीही ताणा, उपयोग शून्य.

दुसरं उत्तर हवेचं. पाणी सतत पूर्ण वेगाने वाहू द्यायचं आणि हवेच्या वाटेत एक झडप बसवायची, जी काही हवा हीटर कोअरमधून नेते आणि काही त्याला वळसा घालून. एसी चालू असताना सगळी हवा आधी कूलिंग कॉइलवरून जाते, गोठणबिंदूच्या जवळपास गार होते, आणि मग तिचा काही भाग पुन्हा तापवला जातो. मोठ्या अमेरिकन गाड्यांनी साठच्या दशकात ही पद्धत उचलली. लिव्हरला प्रतिसाद लगेच मिळतो, वाटणीही समान असते, आणि गार करताना हवेतला दमटपणा काढून टाकला जातो. काचेवर कोरडी हवा सोडता येते ती यामुळेच. डीफ्रॉस्टला लावल्यावर कंप्रेसर आपोआप सुरू होतो तो बिघाड नाही. आधी थंड करून पुन्हा तापवायचं, यात इंधन वाया जातं असा आक्षेप मात्र तेव्हापासून आहे.

अशा गाडीत ‘अ‍ॅडजस्ट’ करणं म्हणजे झडपेची केबल लावणं. लिव्हर टोकाला पोचण्याआधी झडपेने आपली बैठक गाठलेली असली पाहिजे. दोन्ही टोकांना आतून ‘ठप्प’ असा आवाज यायला हवा आणि लिव्हर सोडल्यावर तो किंचित मागे उसळायला हवा. उसळत नसेल तर झडप अर्धवट उघडी राहते आणि उत्तम गॅस भरलेला एसी कोमट हवा देतो. याच झडपांच्या कडेचा फोम वर्षांनी कुजून काळ्या भुग्यासारखा जाळीतून बाहेर पडतो. तो दिसला तर केबल लावून भागत नाही.

एसीच्या नियंत्रणावरच्या ‘मॅक्स’ या शब्दानेही बऱ्याच जणांना चकवलं आहे. मॅक्सला कंप्रेसर जास्त जोर लावत नाही. केबिनमधलीच, आधीच गार झालेली हवा पुन्हा आत घेतली जाते आणि अनेक गाड्यांत त्याच वेळी हीटरचा पाण्याचा व्हॉल्व्हही बंद होतो. म्हणून मॅक्सला गार आणि नॉर्मलला कोमट असेल तर संशय गॅसवर नको, झडपेवर किंवा व्हॉल्व्हवर हवा.

हवेची दिशा ठरवणाऱ्या झडपा साठच्या दशकात मोठ्या प्रमाणावर व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनच्या ओढीने तयार होणाऱ्या निर्वातावर गेल्या. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधून नळी, वाटेत एकदिशा झडप, एक छोटी टाकी, डॅशमागे रंगीत नळ्यांचं जाळं. व्हॅक्यूम गेला तर स्प्रिंगने हवा काचेकडे वळावी, अशी रचना बहुतेकांनी मुद्दाम केली. अमेरिकेत १९६८ पासून काचेवरचं धुकं-बर्फ काढणारी व्यवस्था बंधनकारक झाली, त्या काळाच्या विचाराशी हे जुळणारंच होतं. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डॅशच्या जाळीतली हवा गायब होऊन काचेकडे जाते, तेव्हा ती एकदिशा झडप थकलेली असते किंवा टाकीची नळी निसटलेली असते. मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडला आणि साठा त्याच्याबरोबर निघून गेला, इतकंच.

१९६४ च्या मॉडेलच्या कॅडिलॅकमध्ये ‘कम्फर्ट कंट्रोल’ आला आणि टेंप या शब्दाचा अर्थ पुन्हा बदलला. आता तो हव्या असलेल्या तापमानाचा आकडा होता, इच्छा होती. आतली हवा, बाहेरची हवा आणि नळीतली हवा यांच्या तापमानाप्रमाणे विद्युत संकेत व्हॅक्यूममध्ये बदलला जायचा आणि व्हॅक्यूम झडप फिरवायचा. ही कल्पना कितीही देखणी असली तरी तिचा जीव डॅशमागच्या एका बोटभर नळीत अडकलेला असतो. केबिनची हवा सेन्सरवर ओढून आणणारी ही नळी सुटली किंवा धाग्यांनी तुंबली, की सेन्सर डॅशमागची उष्णता मोजू लागतो आणि गाडी विनाकारण गारठते. डायल फिरवून ते सुधारत नाही.

ऑटोमॅटिक एसीच्या इतिहासात सर्वांत वादग्रस्त ठरला तो क्रायस्लरचा सर्व्हो, जो सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात काही मर्सिडीज गाड्यांतही बसवला गेला. पाण्याचा व्हॉल्व्ह, व्हॅक्यूमचं वाटप आणि विजेचे संपर्क, सगळं एका प्लास्टिकच्या ठोकळ्यात, आणि त्याच ठोकळ्यातून इंजिनातलं उकळतं पाणी, म्हणजे कूलंट. प्लास्टिक वाकलं, तडकलं, गळलं. आज त्याला अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा मिळतो. काही लोक सगळं काढून साधा व्हॉल्व्ह लावतात. मूळपणा जपणाऱ्यांना हे पटत नाही. ज्याच्या गाडीचं कूलंट एकदा भररस्त्यात संपलं आहे त्याला पटतं.

१९७३ च्या तेलसंकटानंतर कंप्रेसर सतत चालवणं डोळ्यांत खुपू लागलं. तोवर अनेक गाड्यांत तो थांबतच नसे. कूलिंग कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून परतीच्या वाटेवरचा एक व्हॉल्व्ह कॉइलमधला दाब ठरलेल्या पातळीखाली जाऊ देत नसे. पीओए नावाने ओळखला जाणारा हा व्हॉल्व्ह फार हुशार होता. आतल्या घडीच्या नळीत निर्वात असल्यामुळे समुद्रसपाटी काय आणि घाटमाथा काय, त्याचा हिशेब चुकत नसे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची जागा स्वस्त योजनेने घेतली: वाटेत एक बारीक छिद्राची नळी, आणि दाब फार पडला की क्लच सोडणारा स्विच. इंधन वाचलं, पण जाळीतल्या हवेचं तापमान वर-खाली होऊ लागलं आणि प्रत्येक ‘टक्’ला इंजिन दचकू लागलं. ‘इकॉन’ किंवा ‘इकॉनॉमी’ ही बटणंही याच काटकसरीच्या हवेत रुजली. अनेक गाड्यांत त्यांचा अर्थ एवढाच की कंप्रेसर बंद, बाकी सगळं चालू.

गॅसचा बदल हा या कहाणीतला अलीकडचा आणि सर्वांत खर्चिक भाग. १९७४ मध्ये क्लोरोफ्लुरोकार्बन ओझोनला घातक असल्याचं मांडलं गेलं, १९८७ मध्ये ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियल करार झाला, आणि १९९५ च्या अखेरीस विकसित देशांतलं आर-१२ चं, म्हणजे त्याच प्रकारातल्या एसीच्या जुन्या गॅसचं, नवं उत्पादन थांबलं. नव्या गाड्या आर-१३४ए वर गेल्या. जुन्यांचं काय, यावर अजून एकमत नाही. होज आणि कंडेन्सरवर पुष्कळ बोललं जातं, तेलावरही, कारण जुनं खनिज तेल नव्या गॅससोबत फिरत नाही. नियंत्रणांबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. गोठणबिंदूला आर-१२ चा दाब चौरस इंचाला सुमारे ३० पौंड, तर आर-१३४ए चा सुमारे २८. जुन्या दाबावर लावलेला पीओए तसाच ठेवला तर कॉइल हवी तेवढी गार होणारच नाही. फरक दिसायला किरकोळ, पण गरम दिवशी तो जाळीत हात धरला की कळतो. तो व्हॉल्व्ह काढून, टेबलावर हवेचा दाब देऊन पुन्हा लावणं हे तासाभराचं काम आहे. तरी बहुतेक बदलांत ते वगळलं जातं आणि मग दोष नव्या गॅसच्या माथी येतो.

जुन्याला हात लावण्यापेक्षा सगळंच बदलायची वाट आता रुळली आहे. डॅशमागचा डबा, केबली, व्हॅक्यूमच्या नळ्या काढून त्याजागी छोट्या मोटारींच्या झडपा असलेला नवा संच बसतो. डॅशवरची मूळ पट्टी आणि मूळ लिव्हर तसेच राहतात, फक्त त्यांच्यामागे केबलऐवजी व्होल्टेज बदलणारा एक सरकता रोधक असतो. असा संच बसवल्यावर अनेकदा पहिल्यांदा प्रत्येक लिव्हर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्यावा लागतो, म्हणजे निळं कुठे संपतं आणि लाल कुठे सुरू होतं हे आतल्या सर्किटला कळतं. ते न करता गाडी बाहेर काढली, तर लिव्हर लालच्या टोकाला नेऊनही हवा गारच येत राहते.