शाई सांडलेली पानं

कलांचो मार्मोराटाचं पान पाहिलं की कुणीतरी त्यावर टाक झटकलाय असं वाटतं. राखाडी-हिरव्या, मेण चढलेल्या जाड पानावर तपकिरी-जांभळे डाग, तेही दोन्ही बाजूंना. इंग्रजीत याला ‘पेनवायपर’, म्हणजे टाक पुसायचं फडकं, असंच नाव पडलं आहे. मूळचं हे इथिओपिया, सोमालिया, केनियाकडचं. नात्याने आपल्या पानफुटीचं भावंड. आपल्याकडचा उन्हाळा त्याला फारसा जड जात नाही. घात करतो तो पावसाळा, आणि एरवी आपल्या हातातली झारी.

कारण त्याच्या श्वासात आहे. या कुळातली झाडं पानांवरची छिद्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो, दिवसा उन्हात त्याची साखर होते. बेंजामिन हाइन या वनस्पतितज्ज्ञाने 1813 मध्ये लिहिलेल्या पत्रात नोंदवलं होतं, की पानफुटीचं पान सकाळी चुक्यासारखं आंबट लागतं आणि दुपारी बेचव. (तुम्ही मात्र कलांचो चाखू नका, यातल्या बऱ्याच जातींमध्ये हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. कुंडी शेळ्या, मांजरं आणि लहान मुलांपासून लांबच बरी.) भर दुपारी छिद्रं बंद, म्हणजे पाणी उडणं कमी, म्हणजे मुळांची तहानही कमी. रोज पाणी दिलं तर ते मातीत नुसतं साचून राहतं.

म्हणून माती निथळणारी हवी. लाल माती 1 भाग, गांडूळखत 1 भाग आणि जाड वाळू किंवा विटांचा चुरा 2 भाग. चुरा आधी चाळून घ्या. खालची बारीक पूड टाकून द्या, नाहीतर तीच भोकं बुजवते. 15 सेंमीची मातीची कुंडी पुरते. काळ्या मातीच्या अंगणात थेट खड्डा खणून लावू नका; ती माती पाणी धरून ठेवते. मुरूम टाकून 15 ते 20 सेंमी उंच वाफा करा.

पाण्याचं वेळापत्रक पाळण्यापेक्षा अगरबत्तीची काडी बरी. ती कुंडीत तळापर्यंत खोचून काढा. माती चिकटून आली तर थांबा. कोरडी आली तर तळातून वाहीपर्यंत पाणी द्या. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून दूर, छपराखाली पण उजेडात ठेवा. कोकणातल्या दमट हवेत तर जुलैत काडी बरेच दिवस ओलीच निघेल.

डाग हे उजेडाचं मोजमाप आहे. ते अँथोसायनिन या रंगद्रव्याचे असतात आणि भरपूर उन्हात गडद होतात. सावलीत ते फिके पडतात, खोड लांबुडकं होतं, पानं विरळ येतात. सकाळचं चार-पाच तास ऊन उत्तम. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर 50 टक्क्यांची शेडनेट. सावलीतलं झाड एकदम गच्चीत नेलं तर करपतं. करपल्याचा डाग गवती रंगाचा, कागदासारखा कोरडा असतो आणि कधीच भरून येत नाही. जन्मजात डाग पानाच्या पातळीत, गुळगुळीत असतात. खोलगट, पिवळ्या कडेचा आणि रोज वाढणारा डाग दिसला तर तो बुरशीचा; ते पान लगेच काढा.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपा. कडुनिंबाचं तेल सरसकट फवारू नका. पानावरचं मेण जातं आणि नंतरच्या उन्हात पान भाजतं.

बुंधा काळा, मऊ झाला तर औषधाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. खालून वर वर कापत जा. आतलं वर्तुळ स्वच्छ, हिरवट-पांढरं दिसेल तिथे थांबा. पानफुटीसारखी पानाच्या कडेला पिल्लं इथे फुटत नाहीत, त्यामुळे शेंडाच वाचवायचा. 8 ते 10 सेंमीचा तुकडा तीन ते पाच दिवस सावलीत सुकू द्या. कापलेल्या जागी कोरडी खपली धरली की कोरड्या मिश्रणात खोचा आणि पहिलं पाणी आणखी चार दिवसांनी. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. हलकेच ओढून पाहा: तुकडा हलला नाही म्हणजे रुजला.