मुंबई ते लंडन : हवाई अंतर, प्रवासाचा वेळ आणि तिकिटावरील आकडे
(रत्नागिरी परिसरातील आमच्या ग्राहकांसाठी)

तिकीट हाती आले की बहुतेक जण सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळांची वजाबाकी करतात, आणि तिथेच हिशेब चुकतो. कारण तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर असून थेट विमानाला जाताना साधारण दहा तास लागतात. दुपारी 2 वाजता मुंबईहून सुटणारे विमान उन्हाळ्यात लंडनला तेथील संध्याकाळी 7.30 च्या सुमारास उतरते, म्हणजे कागदावर प्रवास जेमतेम साडेपाच तासांचा दिसतो. उरलेले साडेचार तास दोन्ही घड्याळांतील फरकाचे असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधील घड्याळे एक तास मागे घेतली जातात व मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे केली जातात, त्यामुळे हिवाळ्यात हाच फरक साडेपाच तासांचा होतो.

परतीचा प्रवास मात्र सुमारे तासाभराने लवकर आटोपतो. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात आणि येताना पाठीशी असतात. याशिवाय विमान नेहमी सरळ रेषेत जातेच असे नाही. एखाद्या देशाने आपली हवाई हद्द बंद केली की वळसा पडतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने ती भारतीय विमानांना बंद केल्यावर पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक उड्डाणांचा वेळ वाढला. म्हणून जुन्या तिकिटावरील वेळ गृहीत धरू नये.

तारखेबाबत विशेष काळजी घ्यावी. आपल्याकडे पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, विमान कंपन्यांचा मध्यरात्री 12 वाजता. तिकिटावर 15 तारीख आणि वेळ 01.30 असेल, तर विमानतळावर 14 तारखेच्या रात्री साडेदहापर्यंत हजर राहावे लागते. पंधराच्या रात्री पोहोचणाऱ्याचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते आणि अशा वेळी भाड्याचा परतावा मिळणे कठीण असते.

खरा प्रवास घराच्या उंबरठ्यापासून मोजावा, असे आमचे मत आहे. रत्नागिरी ते मुंबई रस्त्याने सुमारे 330 किलोमीटर आहे. हे अंतर लंडनच्या अंतराचा विसावा भागही नाही, तरी त्यात सहज सात-आठ तास जातात. महामार्गाचा भरवसा किती धरायचा, हे ग्राहकांना आम्ही सांगायला नको. रेल्वेने येणाऱ्यांना ठाण्याला उतरणे सोयीचे पडते. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू असते. गाड्यांचा वेग कमी ठेवलेला असतो आणि दरड कोसळल्यास त्या अडकूनही पडतात. या काळात उड्डाणाच्या आदल्या दिवशी मुंबईत मुक्कामाला पोहोचावे. गणपतीच्या दिवसांत रेल्वेचे आरक्षण मिळणे मुश्किल असते, तेव्हा विमानाचे तिकीट निश्चित होताच गाडीचेही पाहावे; दोन्ही आरक्षणे एकत्र करून हवी असल्यास तसे आमच्या कार्यालयात आधी सांगावे.