एसीवरचे तारे: पट्टी पुन्हा पुन्हा का हलली

ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ चा. ताऱ्यांचे लेबल २००६ मध्ये ऐच्छिक म्हणून आले आणि २०१० पासून खोलीच्या एसीला सक्तीचे झाले. त्याआधी बराच काळ घरगुती ग्राहकाचा प्रश्न वीज आहे की गेली, एवढाच असे. किती विजेत किती काम होते हे दुकानात उभे राहून विचारायची सवय लेबलाने लावली.

पहिले माप सरळ होते. बाहेर ३५ अंश, आत २७ अंश, यंत्र पूर्ण जोरात. खोलीतून किती वॅट उष्णता काढली त्याला किती वॅट वीज खाल्ली त्याने भागायचे. हा झाला ईईआर. २०१४ च्या ताऱ्यांच्या तक्त्यात ३.५ ला पाच तारे मिळत. दीड टनाचा एसी सुमारे ५.२७ किलोवॅट उष्णता काढतो, म्हणजे ३.५ च्या हिशेबाने साधारण १५०० वॅट वीज.

गुंता इन्व्हर्टर एसीने केला. साधा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो आणि खोली गार झाली की बंद पडतो. पुन्हा सुरू झाला की गॅसचा दाब जमेपर्यंतची वीज फुकट जाते. इन्व्हर्टर वेग कमी करतो. कॉइल तेवढीच, उष्णता कमी, त्यामुळे दोन बाजूंच्या दाबांतला फरक घटतो आणि तेवढ्याच गारव्याला कमी वीज लागते. पूर्ण जोराच्या चाचणीत हा फायदा दिसणार कसा? म्हणून आयएसईईआर, म्हणजे भारतीय मोसमी ईईआर, आले: बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंश, वर्षाचे १६०० तास या तापमानांत वाटलेले, आणि पूर्ण मोसमाचा भागाकार. २०१५ मध्ये ते इन्व्हर्टरपुरते ऐच्छिक होते, जानेवारी २०१८ पासून सगळ्यांना सक्तीचे. मधल्या काळात एकाच दुकानात दोन वेगवेगळ्या मापांचे तारे सारख्याच दिमाखात लटकत होते. ईईआर ३.५ आणि आयएसईईआर ४.५ यांची थेट तुलना होत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगणार कोण?

मग तक्ताच सरकला. २०१८ मध्ये स्प्लिट एसीला पाच ताऱ्यांसाठी ४.५० लागत; २०२२ च्या तक्त्यात ५.००. जानेवारी २०२२ ची तारीख सहा महिने पुढे ढकलून जुलैत तो लागू झाला आणि ४.६ चे यंत्र, एक स्क्रूही न बदलता, चार ताऱ्यांवर आले. पट्टी वर नेणे योग्यच होते, नाहीतर सगळेच पाच तारेवाले झाले असते. पण जुना-नवा तारा दिसायला हुबेहूब सारखा ठेवला, ही चूक. लेबलावर कालावधी छापलेला असतो, बारीक अक्षरांत. तो आधी वाचावा, मग आयएसईईआरचा आकडा, तारे शेवटी.

इंदूरकरांनी १६०० तासांकडेही पाहावे. हा देशभराचा ठोकताळा आहे. रामबाग, लोकमान्य नगरातल्या घरांत मेअखेरपर्यंत कूलर काम भागवतो, आणि मालव्याच्या रात्रींची कीर्ती उगाच नाही. बडोद्याच्या दमट हवेत कूलर लवकर हात टेकतो, तिथे एसीचे तास वाढतात. समजा तुमच्याकडे एसी ७५ रात्री आठ-आठ तास चालतो: ६०० तास. आता २०२२ च्या तक्त्यातला ३.८० चा तीन तारेवाला आणि ५.०० चा पाच तारेवाला घ्या. पहिल्याला १६०० तासांत १००० युनिट लागत असतील तर तेवढ्याच गारव्याला दुसऱ्याला ७६०. लेबलाच्या हिशेबाने फरक २४० युनिट. ६०० तासांना तो ९० वर येतो, आणि रात्री बाहेरची हवा उतरलेली असल्याने प्रत्यक्षात बहुधा त्याहूनही कमी. नव्वदला आपल्या दराने गुणा आणि किमतीतल्या फरकाशी ताडून पाहा. दिवसभर एसी चालणाऱ्या दवाखान्याला किंवा कोचिंग क्लासला मात्र पाच तारे परवडण्याची शक्यता जास्त.

पडताळा मीटरवर घेता येतो. घरातले बाकी सगळे बंद करून एसी अर्धा तास चालू द्या, मग मीटरच्या लाल दिव्याची सहा मिनिटांतली उघडझाप मोजा. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रतियुनिट लिहिले असेल तर ३२० वेळा म्हणजे एक किलोवॅट. खोली गार झाल्यावरही इन्व्हर्टरचा आकडा खाली येत नसेल तर आधी जाळी (फिल्टर) धुवा, मग बाहेरच्या युनिटमागे भिंत किती जवळ आहे ते पाहा. गॅस भरून घेण्याची वेळ त्यानंतर.