ऑफिसच्या रद्दीचं रसायन

भंगाराच्या दुकानात सगळा कागद एका भावाने जात नाही. वर्तमानपत्रं वेगळी, पुठ्ठा वेगळा आणि ऑफिसातून निघणारा पांढरा छापील कागद त्याहून वेगळा. या पांढऱ्या मालाला धंद्यात ‘व्हाइट रेकॉर्ड’ म्हणतात आणि गिरण्यांना तो हवा असतो. प्रिंटरचा कागद बनवताना लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना जोडून ठेवणारं द्रव्य, रसायनं वापरून जवळजवळ सगळं काढून टाकलेलं असतं. उरतो तो सेल्युलोजचा स्वच्छ तंतू. वर्तमानपत्रात लिग्निन बरंचसं शिल्लक असतं, म्हणून उन्हात राहिलेला पेपर चार दिवसांत पिवळा पडतो.

खराडी, हिंजवडी, मगरपट्ट्यातल्या ऑफिसांत हा चांगला माल रोज तयार होतो आणि पुष्कळदा टेबलाखालच्या डब्यातच नासतो. नासवणारा बहुतेक वेळा चहा असतो.

कागदातले तंतू एकमेकांना धरून असतात ते मुख्यतः हायड्रोजन बंधांमुळे, म्हणजे रेणूंमधल्या हलक्या ओढीमुळे. पाणी आत शिरलं की हे बंध सुटतात. कागदगिरणी याचाच फायदा घेते: रद्दी पाण्यात घुसळली की तिचा लगदा होतो. पण अर्धा प्यायलेला चहा डब्यात ओतला गेला, तर तेच काम चुकीच्या जागी सुरू होतं. कागद मऊ पडतो, दुधा-साखरेवर बुरशी धरते, आणि पुण्यातल्या जुलैच्या हवेत तो पुन्हा वाळायचं नाव घेत नाही. असा कागद वेचणारीला बाजूला टाकावा लागतो. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ साली उभी राहिली, पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांच्या मालकीची सहकारी संस्था आली. सुका कचरा विकून येणारे पैसे हा या बायकांच्या कमाईचा मोठा भाग. तेव्हा चहाचा तो घोट नेमका कुणाच्या खिशातून जातो, हे वेगळं सांगायला नको.

कोरडा कागद गिरणीपर्यंत पोचला, तरी तो कायम फिरत राहू शकत नाही. दर वेळी लगदा करून वाळवताना तंतूतली सूक्ष्म छिद्रं मिटतात, तो ताठर होतो, पुढच्या खेपेला पहिल्याइतका फुगत नाही. शिळी भाकरी पाण्याचा हात लावून गरम केली तरी ताजी होत नाही, तसंच हे. शिवाय तंतू तुटून आखूडही होतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर तंतू कागदाच्या कामाचा राहत नाही. आपल्याकडे छपाईच्या कागदासाठी निलगिरी, सुबाभूळ अशी झाडं वापरतात. त्यांचे तंतू मुळातच एखाद्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे भांडवलच थोडं. सुताच्या चिंध्यांचे तंतू यापेक्षा कितीतरी लांब. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून चिंध्यांचा कागद होतो, तो इतका चिवट का असतो त्याचं उत्तर यात आहे. 

आता शाई. लेझर प्रिंटरचा टोनर ही खरी शाई नव्हेच. ती प्लास्टिकची बारीक पूड असते, काजळी मिसळलेली. प्रिंटर ती तापवून कागदावर वितळवतो. म्हणून नुकतं छापलेलं पान गरम लागतं. गिरणीत शाई काढायची रीत अशी की लगद्यात साबणासारखी द्रव्यं घालून खालून हवेचे बुडबुडे सोडायचे. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि फेस काढून टाकायचा. यासाठी कण ढोबळमानाने १० ते १०० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतात. टोनरचे पापुद्रे याहून मोठे आणि चपटे निघतात, त्यांना आधी रगडून बारीक करावं लागतं. इंकजेटची उलटी तऱ्हा: तिचे रंग पाण्यात मिसळणारे आणि अतिसूक्ष्म, बुडबुड्याला धरतच नाहीत, सगळा लगदा करडा करून टाकतात. पुनर्वापराच्या बाजूने पाहिलं तर लेझर बरा.

पेपर कप हा नावाचाच कागद. आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो, वजनाने सुमारे पाच टक्के, आणि तो नसता तर चहा टेबलावर आला असता. साध्या लगदायंत्रात हा थर सहज सुटत नाही, म्हणून कप पांढऱ्या रद्दीत चालत नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं, तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्मकण उतरतात. अमृततुल्यवाले वर्षानुवर्षं काचेच्या ग्लासात चहा देत आले; ऑफिसच्या पॅन्ट्रीला तेवढं जमू नये, हे मला काही पटत नाही.

दिसायला कागद पण कागदात न चालणारी दुसरी चीज म्हणजे बिलं आणि एटीएमच्या पावत्या. हा थर्मल कागद. त्याच्या लेपात रंगद्रव्य आणि त्याला उष्णतेने रंग आणणारं रसायन असतं, ते बऱ्याचदा बिस्फेनॉल गटातलं, म्हणजे शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करू शकणारं. ते लगद्यात उतरतं आणि पुढच्या कागदात जातं. ओळखायचं कसं? नखाने जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उमटली तर थर्मल. तो रद्दीत नको, खतातही नको.

याउलट स्टेपलच्या पिना काढत बसायची गरज नाही. चुंबक आणि चाळण्या त्या सहज वेगळ्या करतात. त्रास होतो तो गोंदाचा: चिकटपट्टी, लेबलं, चिकटनोटा. हा गोंद गिरणीत मऊ होऊन यंत्राला आणि नव्या कागदाला चिकटतो. श्रेडरबद्दलही गैरसमज आहे. चार मिलिमीटरच्या पट्टीत मिलिमीटरभराचे बहुतेक तंतू शाबूतच राहतात. पण भुगा झालेल्या कागदात पांढरा कुठला, थर्मल कुठला हे हाताने निवडता येत नाही, आणि सगळा माल हलक्या दर्जात जातो. श्रेडरमध्ये गोपनीय तेवढंच टाकावं, कालच्या मीटिंगचा अजेंडा नव्हे.

कागद कमी वापरण्याचं गणित सोपं आहे. ८० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-फोर पान पाच ग्रॅमचं, कारण सोळा पानांचा एक चौरस मीटर होतो. ५०० पानांचं रिम अडीच किलोचं. समजा ऑफिसात रोज दोन रिमं लागतात, तर महिन्याच्या बावीस कामाच्या दिवसांत ११० किलो. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बाजूंची छपाई एकदा कायमची लावून दिली की यातला निम्म्याच्या जवळपास कागद कपाटातच राहतो, आणि त्यासाठी कुणाला रोज आठवण करायची गरज पडत नाही.

श्रेडरचा जो भुगा उरेल, त्यात थर्मल कागद नसेल तर, त्याला एक चांगली जागा आहे: खत. चहाचा चोथा नायट्रोजनने भरलेला, कागद जवळजवळ नुसता कार्बन. खत करणाऱ्या जीवाणूंना एका भाग नायट्रोजनमागे २५ ते ३० भाग कार्बन मानवतो. नुसता चोथा साठवला की तो चिकट होऊन वास मारतो, भुगा मिसळला की ओल शोषली जाते आणि हवा खेळते. आपला चहा दुधातला, त्यामुळे चोथा आधी पाण्याने खळबळून घ्यावा, नाहीतर चिलटं होतात. आणि भुग्यात पाकिटांच्या प्लास्टिकच्या खिडक्या आल्या असतील तर त्या खतात तशाच सापडतील, तेव्हा पाकिटं श्रेडरमध्ये घालण्याआधीच त्या फाडून काढाव्यात.