संदेष्ट्यांच्या मुलांची नावे : पार्श्वभूमी

हिब्रू बायबलमध्ये माणसाचे नाव पुष्कळदा एक छोटे वाक्यच असते. यशया म्हणजे ‘यहोवा तारतो’, यहेज्केल म्हणजे ‘देव बळ देतो’. देवाचे नाव गुंफलेली अशी नावे त्या काळी सर्रास ठेवली जात, त्यामुळे रोजच्या हाकेत त्यांच्या अर्थाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नसावे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात होशेय आणि यशया या दोन संदेष्ट्यांच्या (देवाचा संदेश लोकांना सांगणाऱ्यांच्या) घरी मात्र अर्थ टाळताच येणार नाही अशी नावे मुलांना मिळाली.

होशेयाचा थोरला मुलगा इज्रेल. शब्दार्थ ‘देव पेरतो’, उच्चार ‘इस्राएल’च्या अगदी जवळचा, पण इज्रेल हे एका ठिकाणाचेही नाव : येहूने रक्तपात करून अम्रीच्या घराण्याकडून इस्राएलची गादी बळकावली ती तिथेच, आणि होशेय बोलू लागला तेव्हा त्या गादीवर येहूचाच पणतू दुसरा यराबाम बसला होता. मुलीचे नाव लो-रुहामा, ‘जिच्यावर दया नाही’; यातील दयेचा धातू हिब्रूत गर्भाशयाच्या शब्दाशी जोडलेला असल्याने नकार अधिकच बोचतो. धाकटा लो-अम्मी, ‘माझे लोक नव्हेत’. पुढे त्याच ग्रंथात ‘लो’ हा नकार गळतो आणि ‘अम्मी’, ‘रुहामा’ एवढेच उरते.

इ.स.पू. ७३५च्या सुमारास दिमिष्कचा (दमास्कसचा) राजा रसीन आणि उत्तरेकडील इस्राएलचा राजा पेकह दक्षिणेकडील यहूदाच्या राज्यावर चालून आले, तेव्हा यशया परिटाच्या शेताच्या वाटेवर, वरच्या तळ्याच्या पाटाशी यहूदाचा राजा आहाज याला भेटला. सोबत मुलगा होता शआर-याशूब, ‘उरलेले परततील’. हा धीर की धमकी, हे नाव सांगत नाही, आणि त्या प्रसंगात मुलगाही एक शब्द बोलत नाही. दुसऱ्याचे नाव तर आधी मोठ्या पाटीवर, दोन साक्षीदार ठेवून लिहिले गेले : महेर-शालाल-हाश-बज, म्हणजे साधारण ‘लूट झपाट्याने, लुबाडणूक त्वरेने’. (त्याच्या आईचा उल्लेख नुसता ‘संदेष्टी’ असा आहे, नावांवर एवढा भर देणाऱ्या मजकुरात तिचे नाव नाही.) मूल ‘बाबा’, ‘आई’ म्हणू लागण्यापूर्वी दिमिष्क आणि इस्राएलची राजधानी शोमरोन यांची संपत्ती अश्शूरच्या राजाकडे जाईल, असा त्या नावाचा खुलासा होता. अश्शूरचा राजा तिसरा तिग्लथ-पिलेसर याने इ.स.पू. ७३२मध्ये दिमिष्क घेतले आणि इस्राएलचा बराच मुलूख तोडला. शोमरोन शहर पडले ते इ.स.पू. ७२२च्या सुमारास, म्हणजे तोवर तो मुलगा चांगला दहा-बारा वर्षांचा झाला असणार.