बत्तीस गिरक्या आणि एक नंदीध्वज

सोलापुरात बसून बॅले पाहायचा तर तो पडद्यावरच. तरीही चायकोव्हस्कीच्या 'स्वान लेक'मधील तिसऱ्या अंकाचा एक प्रसंग सुरू झाला, की माझा चहा हमखास निवतो. काळ्या पोशाखातील मायाविनी ओडील राजपुत्राला भुलवताना एकाच पायावर लागोपाठ बत्तीस गिरक्या घेते. त्यांना फुएते म्हणतात. 1895 साली सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की रंगमंचावर पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तिकेने त्या या नृत्यनाट्यात आणल्या, आणि तेव्हापासून प्रेक्षक त्या मोजत आले आहेत. गिरक्या मोजणे हे अरसिकपणाचे लक्षण मानले जाते. मी मात्र मोजतो.

भोवऱ्याला दोरीची ओढ एकदाच मिळते आणि पुढे घर्षणाने त्याचा वेग उतरत जातो. नर्तिकेला मात्र दर फेरीला नवी ओढ लागते, आणि ती कशी मिळते हे प्रसंगाची गती कमी करून पाहिल्याशिवाय उमगत नाही. प्रत्येक फेरीच्या शेवटी ती प्रेक्षकांकडे तोंड करते, टाच खाली टेकवते, गुडघा किंचित वाकवते आणि दुसरा पाय समोर ताणून बाजूला फिरवते. त्या क्षणी धड जवळजवळ थांबलेले असते, पण फिरण्याचा संवेग नाहीसा झालेला नसतो; तो त्या ताणलेल्या पायाकडे गेलेला असतो. माणसाच्या एका पायात शरीराच्या वजनाचा सुमारे सहावा हिस्सा असतो आणि तो अक्षापासून दूर असल्याने सावकाश फिरूनही बराच संवेग बाळगतो. मग तो पाय गुडघ्याशी दुमडताच तोच संवेग साऱ्या शरीरात उतरतो आणि ती गर्रकन फिरते. घर्षणात गेलेली भर टेकलेल्या पावलाने जमिनीला दिलेला रेटा भरून काढतो. म्हणजे ज्या क्षणी ती थांबल्यासारखी दिसते, त्याच क्षणी पुढची गिरकी भरली जात असते.

फुगडी सोडल्यावर आपल्याला घेरी येते, कारण अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधील द्रव आपण थांबल्यावरही फिरत राहतो. नर्तिका यासाठी नजर एका बिंदूवर रोखून ठेवते आणि मान अगदी शेवटी झटक्यात फिरवते. शिवाय वर्षानुवर्षांच्या सरावाने मेंदूही त्या नलिकांच्या तक्रारीकडे काणाडोळा करायला शिकतो.

मोठ्या उडीत नर्तक हवेत तरंगल्याचा भास होतो, त्यामागचे गणित थोडक्यात सांगता येते: कोणत्याही उडीतील निम्मा वेळ सर्वांत वरच्या एक-चतुर्थांश उंचीतच जातो.

माझा सर्वांत आवडता क्षण मात्र स्थिर आहे. 1890 सालच्या 'स्लीपिंग ब्यूटी' या बॅलेमध्ये चार राजपुत्र एकामागून एक नायिका ऑरोराचा हात धरून तिला फिरवतात आणि सोडतात. पुढचा हात येईपर्यंत ती एका पायाच्या अंगठ्यावर, दुसरा पाय मागे उचलून, तशीच उभी राहते. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा माणूस पाहिलेल्या सोलापूरकराला यातली अडचण लगेच कळेल. काठी जितकी उंच, तितकी ती सावकाश कलते, आणि पेलणाऱ्याला पावले सरकवून तिच्या खाली जाण्याची सवड मिळते. ऑरोराला पाऊल सरकवण्याची मुभाच नाही. गुरुत्वमध्य एक-दोन नाण्यांएवढ्या टेकूवर ठेवण्याचे सारे काम घोट्याच्या बारीक हालचालींना करावे लागते, आणि चेहऱ्यावर हसू हवेच.

त्या टेकूत, म्हणजे नर्तिकेच्या बुटाच्या टोकात, लाकूड असते, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात पारंपरिक बुटाचे टोक कापडाचे आणि कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवून, वाळवून कडक केलेले असते. सुताला खळ देणाऱ्या आपल्या गावाला ही युक्ती परकी वाटू नये. वरून साटीन. घामाने आणि दाबाने ते थर मऊ पडत जातात, त्यामुळे प्रमुख नर्तिकेची एक जोडी कधी कधी एका प्रयोगातच निकामी होते.