लाईन डिम झाली तरी सूर का ढळत नाही?

हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस. रात्री थ्री फेज आली की शिवारातले पंप एकदम सुरू होतात आणि गावातले बल्ब पिवळे पडतात. अशा वेळी रेकॉर्डवरचं गाणं खाली उतरेल का? ते तबकडीखालच्या मोटरवर ठरतं.

१९५४ च्या गॅरार्ड ३०१ या रेकॉर्ड प्लेयरमध्ये इंडक्शन मोटर रबरी चाकाकरवी थाळी फिरवते. ताकद भरपूर, पण व्होल्टेज पडलं की ती थोडी तरी सुस्तावते. पट्ट्यावर चालणाऱ्या अनेक प्लेयरमधली सिंक्रोनस मोटर व्होल्टेजला बधत नाही. ती विजेच्या फ्रिक्वेन्सीमागे धावते. ही फ्रिक्वेन्सी आपल्या डीपीपुरती नसते, अख्ख्या ग्रिडची एकच असते. ती ५० वरून ४८.५ हर्ट्झवर आली तर गाणं ३ टक्के संथ होतं. म्हणजे पेटीवरच्या पांढरी एक आणि काळी एक यांतल्या अंतराच्या निम्म्याने सूर उतरतो. तयार कानाला ते खटकतंच.

१९७० साली टेक्निक्स कंपनीच्या एसपी-१० या प्लेयरने चाक आणि पट्टा दोन्ही काढून टाकले. थाळी थेट मोटरच्या दांड्यावर, आणि मोटरच मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी! त्यामुळे गाण्यात मिसळणारी मोटरची घरघर पुष्कळ कमी झाली. पण इतक्या संथ मोटरमध्ये चुंबक लोखंडी दातांपाशी किंचित अडखळतो. जड थाळी हे झटके बरेचसे गिळते, सगळे नाही. टेक्निक्सच्याच २०१६ च्या नव्या एसएल-१२०० मध्ये मोटरमधलं लोखंडच काढलं, ते यासाठी.

खरी मजा क्वार्ट्झची. १९७५ च्या एसपी-१० एमके२ (म्हणजे दुसरी आवृत्ती) मध्ये आणि १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ मध्ये सर्किट थाळीचा वेग क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्याशी सतत ताडून पाहतं. डेनॉन कंपनीने तर थाळीच्या आतल्या कडेवर चुंबकीय खुणा नोंदवल्या आणि टेपरेकॉर्डरसारख्या हेडने त्या वाचल्या. मला हीच युक्ती जास्त पटते, कारण इथे खुद्द थाळीच मोजली जाते.

असा क्वार्ट्झवाला प्लेयर हाती लागला तर त्यावर १८० रेघांची कागदी चकती ठेवा. चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून ५० हर्ट्झला रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. फ्रिक्वेन्सी ४९.५ झाली की त्याच रेघा सेकंदाला एक घर पुढे सरकतात. वेग चुकला असं वाटेल. चुकलेली असते लाईन. पट्ट्याच्या सिंक्रोनस प्लेयरवर मात्र रेघा तेव्हाही थांबलेल्याच दिसतील, कारण प्लेयर आणि ट्यूब दोघं सोबतच मंदावलेले. एलईडी बल्बखाली हा प्रयोग बहुधा फसतो. बऱ्याच बल्बांचा उजेड तसा लुकलुकतच नाही.